दीपगृहाचं काम चालू आहे

गणपती उठले त्या आठवड्यात मी एक शहर हलवायला घेतलं. दिवाळीपर्यंत होईल असं वाटलं होतं.

शहराचं नाव फ्रीपोर्ट. चाच्यांचं, बेटावरचं, आणि मुख्य म्हणजे आयतं. ग्रीन रोनिन या अमेरिकी प्रकाशकांनी २००० साली, डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळाची तिसरी आवृत्ती बाजारात आली त्याच दिवशी, या शहरातलं पहिलं साहस विकायला ठेवलं. २००७ मध्ये शहराचं जाडजूड पुस्तक काढलं आणि त्यात खेळाचे नियम मुद्दामच घातले नाहीत. कुठल्याही खेळात न्या, कुठल्याही जगात ठेवा. देवांना नावंसुद्धा नाहीत, नुसता ज्ञानाचा देव, चाच्यांचा देव. थोडक्यात ड्रेस मटेरियल. ज्याने त्याने आपल्या मापाने शिवून घ्यावं.

आमचं माप एबेरॉन. त्याच खेळासाठी २००४ मध्ये आलेलं हे काल्पनिक जग आमचा गट गेली सहा वर्षं दर रविवारी खेळतो आणि डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी असतो. या जगात जादू ही चमत्कारासारखी नसते, नळाच्या पाण्यासारखी असते. विजेवर रेल्वे धावते, बांधून घातलेल्या महाभूतांच्या जोरावर जहाजं उडतात, गल्लीबोळांत कधीच न विझणारे कंदील लागलेले असतात. पूर्व किनाऱ्यावर लझार संस्थानं आहेत आणि तिथले संस्थानिक अर्धेअधिक चाचेच. म्हटलं, तिथल्या बेटांत एक बेट वाढवलं की झालं.

नकाशा मोठा छापून जेवणाच्या टेबलावर चिकटवला. आई पोळ्यांचा डबा कुठे ठेवू म्हणून आली आणि चष्मा लावून बघायला लागली.

"कुठलं गाव?"

"काल्पनिक आहे, आई."

"असू दे. चहूकडून समुद्र दिसतोय. पिण्याचं पाणी कुठून आणतात?"

मी पुस्तक चाळायला लागलो. आईने डबा बरोबर बंदरावर ठेवला. "पाणी बघून मग घे," म्हणाली आणि गेली. मी जागा घेत नाहीये हे तिला अजून पटलेलं नाही.

पाणी मी जादूवर ढकललं. मग देव. ज्ञानाच्या देवाच्या जागी एबेरॉनमधला ऑरिऑन चपखल बसतो. विद्या आणि कायदा ही दोन्ही खाती त्याच्याकडे. पण आम्ही खेळतो मराठीत, आणि पुस्तकातलं वाक्य घाईत अनुवाद करताना मी गटाला मेसेज टाकला होता की साहसाची सुरुवात ज्ञानदेवाच्या मंदिरात होईल. बँकेत काम करणारीने विचारलं, "आळंदीहून निघायचं का?" त्या दिवसापासून ऑरिऑनला कोणी ऑरिऑन म्हटलेलं नाही.

फ्रीपोर्टचा सत्ताधीश 'सी लॉर्ड' म्हणवतो. त्याला मी मोठ्या हौसेने सरखेल केलं. हा शब्द कान्होजी आंग्र्यांचा, त्यामुळे गटातला इतिहासवाला तडकला. "इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं, आता तूही म्हण!" म्हणाला. अर्धा तास बचाव करून शेवटी मी 'सी लॉर्ड'वर परत आलो. कप्तानांच्या मंडळाला मात्र तांडेल मंडळ हे नाव राहिलं.

खरा घोळ तारखांचा. फ्रीपोर्टच्या इतिहासात नागलोकांचं वलोसा नावाचं साम्राज्य दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रात बुडालं. एबेरॉनमध्ये मोहीम सुरू होते त्या जगाच्या कालगणनेतल्या ९९८ साली, आणि माणसं लझारच्या किनाऱ्यावर उतरली ती त्या बुडण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे शेजारी आख्खं साम्राज्य बुडालं आणि किनाऱ्यावरच्या एकाही माणसाने मान वर करून पाहिलं नाही? मी वलोसाला चाळीस हजार वर्षं मागे नेलं, राक्षसांच्या काळात. मागे नेल्यावर त्या काळातल्या ड्रॅगनांनी नागलोकांचं काय केलं ते ठरवणं आलं. त्यात नवरात्र संपलं.

एकदा अंघोळीला गेलो असताना थराश्क आठवले. फ्रीपोर्टचं पहिलं साहस लुशियस नावाच्या बेपत्ता ग्रंथपालाला शोधण्याचं आहे. एबेरॉनमध्ये थराश्क घराण्याच्या अंगावर 'शोधाची खूण' उमटते आणि हरवलेली माणसं रीतसर फी घेऊन शोधून देणं हा त्यांचा धंदाच आहे. माझी माणसं मला ठाऊक आहेत. ती म्हणणार, आपण कशाला गटारात उतरायचं, थराश्ककडे पैसे भरू आणि पावती घेऊ. अंगाला साबण तसाच, मी बाहेर येऊन लिहिलं: थराश्कच्या कचेरीला कुलूप, दारावर पाटी, 'कार्यालय स्थलांतरित झाले आहे'. नवा पत्ता पाटीवर नाही.

आणि मग दीपगृह.

फ्रीपोर्टच्या सगळ्या कटाचा खुंटा म्हणजे हे दीपगृह. सी लॉर्ड मिल्टन ड्रॅक दहा वर्षं ते बांधतोय, त्यासाठी कर वाढवलेत, आणि लोक त्याला मिल्टनचं खूळ म्हणतात. खरं कारण वेगळंच आहे. (इथे ते लिहीत नाही, कारण आमच्यातला एकजण माझं सगळं वाचतो.) खेळाडूंना या बांधकामाचा संशय यायला हवा, पण फार लवकर नाही. एबेरॉनमध्ये तर तो पहिल्या मिनिटाला येणार. न विझणारा कंदील उंच खांबावर टांगला की दीपगृह झालं, त्याला दहा वर्षं कशाला? मी चार पानं टिपण काढलं. इरियन या प्रकाशाच्या प्रतलाची, म्हणजे पलीकडच्या जगाची, सीमा नेमकी त्याच खडकावर पातळ होते, ती साधायला विशिष्ट उंची लागते, उंचीला विशिष्ट दगड लागतो, दगड युद्धामुळे अडकला. प्रत्येक शंकेला उत्तर तयार ठेवलं. टिपण पाठ केलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी फासे, चकल्या आणि नकाशा मांडून बसलो. ते बंदरात उतरले. थराश्कचं नावही कोणी काढलं नाही. मी आवाज खाली आणून म्हणालो, "समोर एक अर्धवट मनोरा दिसतो. सी लॉर्डने दहा वर्षांपूर्वी दीपगृहाचं काम काढलं. कर वाढवला. काम अजून चालू आहे."

थांबलो. चार पानं जिभेवर.

आमच्यातला सिव्हिल इंजिनिअर चकली मोडत म्हणाला, "हं. पुढे?"

"दहा वर्षं," मी म्हणालो.

"समुद्राकाठचं काम आहे बाबा."

"आणि कर काही परत कमी होणार नाही," बँकवाली म्हणाली. "काम झालं तरी."

"अरे, पण रस्त्यावर न विझणारे कंदील आहेत! मग दीपगृह हवंच कशाला?" हे मी विचारलं. माझ्याच कटाविरुद्ध, माझ्याच टेबलावर. सगळ्यांनी माझ्याकडे मला बरं नसल्यासारखं पाहिलं. इतिहासवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, "कशाला म्हणजे काय, उद्घाटनाला."

हताश होऊन मी पुढचं वाक्य वाचलं. "गवंडी सांगतो की काम संपत आलंय. ठरल्या मुहूर्तावर दिवा लागणार."

इंजिनिअरच्या हातातली चकली थांबली.

"ठरल्या मुहूर्तावर?"

"हो."

"म्हणजे वेळेत?" त्याने बँकवालीकडे पाहिलं. तिने फासे उचलले. "काहीतरी काळंबेरं आहे," ती म्हणाली. "चला, आधी कंत्राटदाराला गाठू."

रात्री साडेअकरापर्यंत त्यांनी मिस्त्र्यांची झडती घेतली, दगडाच्या गाड्या मोजल्या, आणि मला जागच्या जागी एक कंत्राटदार, त्याचा मेहुणा आणि मेहुण्याची खडीची खाण निर्माण करावी लागली. लुशियसची चौकशी करायला ज्ञानदेवाच्या मंदिरात कोणी गेलंच नाही. पुढच्या रविवारी इंजिनिअर डीएसआर, म्हणजे बांधकामाचं सरकारी दरपत्रक, घेऊन येणार आहे. खडीचा दर त्याला पटलेला नाही.