पाहुण्यांना माटुंगा दाखवू नये

सुट्टीत मुंबईला आलेल्या पाहुण्यांना गेटवे दाखवावा, राणीची बाग दाखवावी. माटुंग्याचा भाजीबाजार मात्र दाखवू नये, असं माझं ठाम मत आहे. गेटवे कुणी पिशवीत भरून घरी आणत नाही.

जायचं धीम्या लोकलनं, मध्य रेल्वेच्या माटुंग्याला. फास्ट थांबत नाही. हे स्टेशन २०१७पासून महिला कर्मचारीच चालवतात, एवढं सांगून होईस्तोवर काकू पूर्वेला बाहेर पडून भाजीपाशी पोचलेल्या असतात. केरळी मिश्रभाजी अवियलचा कोहळा, सांबारचे चिमुकले कांदे आणि थंडीत उंधियूची सुरती पापडी व जांभळा कंद, सगळं हाताच्या अंतरावर. काकूंना 'थोडं थोडं' हवं असतं. थोडं म्हणजे पाव किलो. आठ भाज्यांचं थोडं म्हणजे दोन किलो, आणि ते उचलणार यजमान.

नेंद्रं या मोठ्या केरळी केळ्यांपाशी हमखास घोळ होतो. वेफर्सना कच्ची, हिरवीगार लागतात. पिकलेल्याच्या सालीवर काळे डाग हवेत, आणि पाहुणे नेमकी तीच बाजूला सारून पिवळीधमक निवडतात. मग 'पिठूळ लागतात हो' म्हणतात. सालासकट तुकडे करून दहा-बारा मिनिटं वाफवायची असतात, हे वेलची केळ्यांवर वाढलेल्या माणसाला पटत नाही.

सुरण खाजरा, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तेल लावलेल्या, कोरड्या हातांनी सोलायचा आणि चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात ठेवायचा. आधी धुऊन मग सोलायला बसलेला माणूस संध्याकाळभर ओळखू येतो.

पण खरा सूड केळफूल घेतं. घेताना जड, घट्ट मिटलेलं घ्यावं; इथवर सगळे हुशार असतात. घरी प्रत्येक पाकळीखाली फुलांची फणी निघते. एकेका फुलातली टोकाला गाठ असलेली ताठ काडी आणि बुडाचा पारदर्शक पापुद्रा काढायचा. दोन्ही शिजत नाहीत, दातांत अडकतात. अशी फुलं एका केळफुलात शेकड्यानं. हातांना आधी खोबरेल लावा, नाहीतर बोटं काळी होतात. चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, त्यामुळे सुट्टीसाठी घेतलेला पांढरा कुर्ता त्या दिवशी घालू नये. चिरलेलं लगेच ताकाच्या पाण्यात टाकायचं. आंबटामुळे काळं पडायचं थांबतं. रात्रभर भिजलं की तुरटपणाही उतरतो.

रात्रभर. पाहुण्यांची गाडी मात्र साडेनऊची. पातेलं ओट्यावर ठेवून सगळे स्टेशनवर जातो, आणि गाडी हलता हलता काकू खिडकीतून ओरडतात, "भाजी कशी झाली ते कळव हं! आणि वाटाणे नको, काळे चणेच घाल!"