कॉम्प्युटरच्या घड्याळाचा सेल नाही गेलेला हो!

घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आणि विंडोज अशा दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. मुलीच्या कॉलेजला एक लागतं, सोसायटीच्या हिशोबाला दुसरं. आणि विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे! रात्री साडेनऊला स्क्रीनवर दुपारचे चार. मी हाताने बरोबर करायचं, मुलीने लिनक्स चालू करून बंद केलं की परत तेच.

लॅमिंग्टन रोडला नेलं, तर म्हणे मदरबोर्डचा सेल गेलाय. बदलला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच रडगाणं. दादरला दुसऱ्याकडे नेलं, त्यानेही सेलच बदलला! अहो, सेल गेला असता तर वेळ वाट्टेल तशी चुकली असती. नेमकी साडेपाच तासच कशी चुकते, एवढा तरी विचार करा!

मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून दाखवतं. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. संपलं! लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1' एवढी एक ओळ, की तेही स्थानिक वेळच ठेवतं, काम झालं. ही ओळ मला कुणीच सांगू नये?

तोवर व्हायचं ते झालंच. रात्री अकराला दुरुस्त केलेल्या मेंटेनन्सच्या फाइलवर संध्याकाळचे साडेपाच, साडेनऊच्या चुकीच्या फाइलवर साडेनऊ, कारण तेव्हा घड्याळ हाताने बरोबर केलेलं होतं. मी 'नवी' म्हणून चुकीचीच छापली, नोटीस बोर्डावर लावली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना भरलेले पैसे थकबाकीत दिसले. भर जिन्यात त्यांचे डोळे भरून आले. आणि मी दोनदा सेलचे पैसे मोजून बसलोय!