हलक्या बॅटरी मोवरला (गवत कापायच्या मशीनला) 2 स्टार देणाऱ्या ताईंना आमचं उत्तर

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुम्ही लिहिलं की डब्यावर 30 मिनिटं छापलंय आणि मशीन 12 मिनिटांत बंद पडते, गवत कापल्या जात नाही नुसतं दबते, चार्जरला लावलं की लाल लाइट लुकलुकत राहते, आणि आम्ही हलकी मशीन तुमच्या गळ्यात मारली, मोठी द्यायला पाहिजे होती. राग समजू शकतो, पैसे लागले आहेत तुमचे. पण मोठी द्यायला पाहिजे होती हे मला अजिबात पटत नाही, आणि का नाही ते इथंच लिहितो कारण पाऊस सुरू झाल्यापासून नागपुरात अजून बरेच लोक असाच विचार करून राहिले असतील.

आधी त्या 12 मिनिटांचं. तुमची बॅटरी 36 व्होल्ट 4 अँपिअर-अवरची आहे, गुणाकार केला की 144 वॅट-अवर, म्हणजे टाकीत एवढंच पेट्रोल समजा. सुकं, विरळ गवत असलं आणि मोटर 300 वॅटच्या आसपास ओढत असली तर जवळपास अर्धा तास चालते, डब्यावरचा आकडा तिथून येतो. तेच गवत ओलं, दाट आणि उंच असलं की मोटर 700 वॅट ओढते आणि 12 मिनिटांत बॅटरी संपते. तुम्ही टाकलेल्या फोटोत हरळी घोट्याच्या वर गेलेली दिसून राहिली आणि पानांवर पाणीही आहे, अशा गवतात कोणतीही बॅटरी मशीन असंच करेल. हे डब्यावर मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे, ह्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे.

आता करायचं काय, तर जून मधल्या पहिल्या चांगल्या पावसानंतर आपल्याकडे हरळी इतकी जोर धरते की पंधरा दिवस सोडलं की हाताबाहेर जाते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याला एकदा फिरवायची, उघाड मिळाली की, दुपारनंतर, पानं कोरडी झाल्यावर. एका वेळी उंचीचा तिसरा हिस्साच कापायचा. आज उंचीचा लिव्हर सगळ्यात वरच्या खाचेत ठेवा आणि एका फेरीत पूर्ण पट्टा घेऊ नका, अर्धाच घ्या, मग दोन-तीन दिवसांनी एक खाच खाली. एकदम खालून कापलं तर मशीन तर अडकतेच, वरून हरळीचे पिवळे दांडे उघडे पडतात आणि लॉन जळल्यासारखं दिसते. आणि दबते म्हणालात, ते बहुतेक ब्लेड बोथट झाल्यानं किंवा खालच्या कव्हरमध्ये ओला गोळा चिकटून बसल्यानं होते. बॅटरी काढून ठेवा, मगच मशीन आडवी करा आणि लाकडी पट्टीनं खरवडा. बॅटरी लावलेली असताना खाली हात घालायचा नाही, हे कृपा करून घरातल्या सगळ्यांना सांगा.

लाल लाइटचं म्हणाल तर लिथियम बॅटरी गरम असताना चार्जर तिला मुद्दाम थांबवते, साधारण 45 डिग्रीच्या वर चार्ज करणं सेलसाठी वाईट असते. वापरून झाल्याबरोबर लावली तर हेच होणार. अर्धा तास आत पंख्याखाली राहू द्या, मग लावा. आपल्या मे महिन्यात तर पोर्चमध्ये हवाच 45 च्या पार जाते, तेव्हा रात्रीच चार्ज करा, आणि टिनाच्या शेडमध्ये बॅटरी ठेवू नका. उन्हाळ्यात मशीन बंद राहणार असली तर अर्धी चार्ज करून घरातल्या कपाटात ठेवा.

आता मोठ्या मशीनबद्दल. तुम्ही स्वतः रिव्ह्यूत लिहिलं की लॉन 400 स्क्वेअर फूट आहे, पोर्चमधून तीन पायऱ्या उतरून न्यावी लागते आणि कंबर दुखते. पेट्रोलची मशीन 25-30 किलोची असते, तुमची तिच्या जवळपास अर्ध्या वजनाची. आपली काळी माती पावसात इतकी मऊ होते की जड मशीनची चाकं रुतून लॉनमध्ये चाकोऱ्या पडतात, वळवताना गवत मुळासकट निघते. कुंड्या आणि आंब्याचं आळं ह्यांच्यामधून ती मोठी मशीन फिरलीही नसती. वायरवाली स्वस्त पडली असती, पण ओल्या गवतात वायर मागे ओढत फिरायची, ब्लेडखाली येण्याची भीती, ते मी कोणालाच सुचवत नाही. अडीच-तीन हजार फुटाचं लॉन असतं तर मी स्वतः मोठी दाखवली असती. 400 फुटाला नीट राखलेल्या गवतात दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

एकदा वापरलेली मशीन परत घेता येत नाही हे बिल करतानाच सांगितलं होतं, पण बॅटरी कमी पडून राहिली असेल तर तो वॉरंटीचा विषय आहे आणि तिथं मी तुमच्यासाठी कंपनीशी भांडतो. बॅटरी आणि चार्जर दोन्ही घेऊन या, बिलाचा फोटो चालते. तुमच्यासमोर लोड लावून मोजतो, आकडा 144 च्या बराच खाली आला तर क्लेम त्याच दिवशी टाकतो. ब्लेडही काढून आणा, धार लावून देतो, त्याचे पैसे नाही. आणि पायऱ्यांवरून काढायला जमत नसेल तर फोन करा ताई, मुलगा घरी येऊन घेऊन जाईल.