द्रौपदीचं फाउंडेशन

मेकअप शिकवणाऱ्या व्हिडिओतल्या सगळ्या मुलींच्या खोलीत एसी चालू असतो. तो दिसत नाही पण असतोच, कारण त्या वीस-वीस मिनिटं बोलत चेहऱ्यावर थरावर थर देतात आणि वरच्या ओठावर घामाचा एक थेंब येत नाही. आमच्या वेंगुर्ल्यात मे महिन्यात आंघोळ करून टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत माणूस परत भिजलेला असतो, त्यात लाईट गेलेली असली तर विचारूच नका. अशा हवेत मी चाळिशी ओलांडल्यावर रोजचा मेकअप शिकायला घेतला.

तोपर्यंत माझं सगळं सौंदर्यशास्त्र पावडर आणि टिकली एवढंच होतं, लग्नकार्य असेल तर लिपस्टिक, ती पण पंगत बसायच्या आधी पुसलेली. पण आमच्या पतसंस्थेत दर सोमवारी व्हिडिओ मीटिंग सुरू झाली आणि त्या छोट्याशा चौकोनात मी स्वतःला पहिल्यांदा नीट बघितलं. मॅनेजर थकबाकीवर बोलतायत आणि मी बघतेय की डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं कधी आली आणि मला कुणी सांगितलं कसं नाही.

भाची पुण्याहून सुट्टीला आली होती, तिने केस हातात घेतली. म्हणाली, मावशी, तुला फक्त नो मेकअप लुक पाहिजे, म्हणजे काहीच लावलं नाही असं दिसलं पाहिजे. मी म्हटलं, ते तर मी फुकटात करतेच आहे. तर नाही, त्यासाठी सनस्क्रीन, प्रायमर, फाउंडेशन, कन्सीलर, कॉम्पॅक्ट, ब्लश, काजळ, मस्कारा आणि लिपस्टिक लागते. मला वाटलेलं आईच्या वेळची लॅक्मे म्हणजे एक पावडर नि एक लिपस्टिक (१९५२ साली टाटांनी काढलेली कंपनी, हे मला ठाऊक होतं, त्यावर भाची जराही इम्प्रेस झाली नाही), पण आता एका कंपनीच्या नुसत्या फाउंडेशनमध्येच एवढ्या शेड असतात की आमच्याकडे कर्जाचे प्रकार कमी पडतील.

सनस्क्रीनवर मात्र आमचं थोडं वाजलं. मी म्हटलं ५० एसपीएफ म्हणजे ३० च्या जवळजवळ दुप्पट ना, मग घेऊया. ती म्हणाली नाही गं, ३० वालं साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारी किरणं अडवतं आणि ५० वालं ९८. आता आयुष्यभर व्याज काढलेल्या बाईला कुणी असं सांगू नये. एका टक्क्यासाठी एवढा फरक घेणारं दुकान मी पहिल्यांदा बघितलं. वर ते उन्हात दर दोन तासांनी परत लावायचं! म्हणजे खालचा थर परत द्यायचा तर वरच्या थरांचं काय करायचं, हे विचारल्यावर भाची फोनमध्ये बघायला लागली.

फाउंडेशन कुडाळच्या बाजारातून आणलं. दुकानातल्या मुलीने माझ्या मनगटावर तीन रेघा ओढल्या आणि तिसरी, म्हणजे सगळ्यात गोरी, तीच तुम्हाला शोभेल म्हणाली. दुकानात ट्यूबलाईट, बाहेर ऊन, आणि मुख्य म्हणजे मनगट हा काही माझा चेहरा नाही. शेड बघायची ती जबड्याच्या कडेला, दिवसाच्या उजेडात, आणि थोडा वेळ थांबून, कारण काही फाउंडेशन हवा लागली की रंग बदलतात. हे सगळं भाचीने नंतर सांगितलं, पैसे दिल्यावर. आणि मी कुठल्याच दुकानात गिऱ्हाइकाला एक शेड सावळी घ्या सांगितलेलं अजून ऐकलेलं नाही, सगळीकडे एक पायरी वर चढवूनच पाठवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पडवीत आरसा खुंटीला लावून बसले. ओल्या स्पंजने थोपटायचं असतं, मी थोपटलं. कपाळापासून सुरुवात केली, हनुवटीपर्यंत पोचले तोवर कपाळाला घाम आला, मग कपाळ टिपलं तर स्पंजबरोबर तिथलं फाउंडेशन पण आलं, मग तिथे परत लावलं, तोवर हनुवटी भिजली. असं वर-खाली चालू असताना सासूबाई नारळ घ्यायला आल्या, थांबल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "काय गो, गणपतीच्या शाळेत जावन इलंस काय? पयलो हात मारून सोडल्यानी दिसता." गणपतीची शाळा म्हणजे मूर्ती करतात ती जागा. चतुर्थीला अजून तीन महिने होते पण बाईंची नजर बरोबर होती. मान सावळी, तोंड शाडूचं.

तशीच स्कूटर काढून कामाला गेले. कुडाळला पोचून हेल्मेट काढलं तर अर्धा चेहरा आतल्या गादीला. ते डाग अजून आहेत, दोन गालांचे दोन, नवऱ्याला एकदा ते हेल्मेट घालावं लागलं तेव्हा तो दिवसभर रुमालाने कानशिलं पुसत होता.

डोळ्यांचं थोडक्यात सांगते. मस्कारा लावताना तोंड आपोआप उघडतं, का ते देवाला ठाऊक, आणि शिंक यायची असेल तर ती नेमकी तेव्हाच येते. त्यात मस्काऱ्याची नळी उघडली की तीन महिन्यांत फेकायची, जंतू होतात म्हणे. तीन महिन्यांत आमच्याकडे लोणचं मुरत पण नाही. आयलायनर भाचीने परत नेलं, ती म्हणाली हे तुझ्यासाठी नाही, आणि त्यावर माझं काहीच म्हणणं नाही.

खरी विद्या मला मिळाली ती शेजारच्या काकांकडून. काका दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकात, स्त्रीपार्टी म्हणजे बायकांची कामं करायचे. द्रौपदी, तारामती, सगळ्या करून आता घरी असतात. कढीपत्ता न्यायला आले तर मी पडवीत आरशासमोर हैराण बसलेली. माझ्या हातातला स्पंज बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ना, तसं बुडीत कर्जाची फाईल बघून आमच्या मॅनेजरच्याही येत नाही.

"किती येळ टिकता ह्या?" त्यांनी विचारलं.

"बाटलीवर २४ तास लिहिलंय."

"आमचो रंग पहाटेक दहीकालो फुटासर रवायचो. थयसर काय पंखो होतो?"

दहीकाला फुटला की नाटक संपलं. मग ते पायरीवर बसलेच. दशावतारात मेकअपवाला वगैरे नसतो, ज्याचा रंग त्याने स्वतः लावायचा, हातात आरसा धरून पेटाऱ्याच्या बाजूला बसायचं आणि बायको नसली तरी बाई उभी करायची. काकांनी पहिलं काय केलं तर माझं सगळं सामान बाजूला सारलं. आधी थंड पाण्याने तोंड धू, टीप आणि गप बस. "घाम सुकासर रंगाक हात लावचो नाय." ही गोष्ट एकाही व्हिडिओने सांगितली नव्हती! चुलीजवळचं काम आधी उरक, मग वाऱ्याला बस, मग लाव. मग एकदम पातळ लावायचं, घासायचं नाही, दाबायचं. पावडर मारल्यावर ओल्या फडक्याचा नुसता स्पर्श. आणि काजळ लावताना वर बघायचं, खाली आरसा धरून, त्याने पापणी ताठ राहते. काकांनी माझी काजळ पेन्सिल हातात घेऊन एका झटक्यात स्वतःच्या डोळ्यात ओढून दाखवली. सत्तरीचा माणूस, बनियन आणि लुंगी, आणि एक डोळा द्रौपदीचा.

"आमका लोका लांबसून बघतत," ते म्हणाले, "तुझा गिरायक हातभर लांब बसता. म्हणान निम्म्याचा निम्मा लाव."

मी तसंच केलं. सनस्क्रीन, वर्तुळांपुरतं कन्सीलर, पावडर, काजळ, लिपस्टिक. बास. त्या सोमवारी मीटिंगला मी खरंच बरी दिसत होते, आणि बसल्या बसल्या मॅनेजर म्हणाले, पावसामुळे नेट स्लो आहे, सगळ्यांनी कॅमेरे बंद ठेवा.

रात्री ते वॉटरप्रूफ काजळ साबणाने जाईना, काळं नाकापर्यंत पसरलं, तेव्हा परत काकांनाच कुंपणावरून विचारलं. खोबरेल तेल, म्हणाले, दुसरं काय. भाचीने ज्या क्लीन्झरची लिंक पाठवलेली ती मी डिलीट केली, घरात डबाभर तेल आहे.

ती कुडाळची गोरी बाटली तशीच पडून होती. काकांचा पुतण्या आता दशावताराच्या कंपनीत स्त्रीपार्टी करतो, तर म्हटलं घेऊन जा, तुमच्या द्रौपदीला होईल. कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू झाल्या आणि एक दिवस काका रिकामी बाटली घेऊन कुंपणाशी आले.

"चांगला आसा, रातभर रवला. आणखी दोन मागव, पैसे पोर देतलो." मग बाटली उन्हात धरून वरचं लेबल बघितलं. "पण एक शेड सावळो सांग गो. द्रौपदी काय इतकी गोरी नाय होती."