टिंबूला घराबाहेर काढू नका

‘पालकांनो, वेळीच जागे व्हा!’ अशा आरोळीने सुरू होणारा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यात चार दावे आहेत. मेंदू पाचव्या वर्षापर्यंत 90 टक्के तयार होतो, म्हणून तोवरचा वेळ खेळात घालवू नका. मूल न दिसणाऱ्या मित्राशी बोलत असेल तर ती स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराची पहिली खूण, दटावून बंद करा. कल्पकता वाढावी म्हणून प्रत्येक चित्राला बक्षीस द्या. आणि उजवा मेंदू जागवणारे व्यायाम करून घ्या. खाली ‘जागतिक संशोधनातून सिद्ध’ असा शिक्का. कुणाचं संशोधन, कधीचं, याचा पत्ता नाही.

दुसऱ्या दाव्यापासून सुरुवात करते, कारण त्यानेच माझं डोकं फिरलंय. माझ्या बहिणीने तो खरा मानला. तिच्या चार वर्षांच्या लेकीचा टिंबू नावाचा दोस्त आहे. तो सोफ्याच्या कोपऱ्यात बसतो, फक्त तिलाच दिसतो, आणि चुकून कुणी त्याच्यावर बसलं की ती घर डोक्यावर घेते. मेसेज आल्यापासून टिंबूचं नाव काढायला बंदी आहे. आता पोरगी पलंगाखाली शिरून त्याच्याशी कुजबुजते आणि कुणाची चाहूल लागली की गप्प होते. आजार नव्हताच, लपवाछपवी मात्र शिकवून झाली.

ऑरेगन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर यांनी आयुष्याचा मोठा काळ याच विषयाला दिला. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शाळेत जायच्या आधी तपासलेल्या मुलांपैकी 100 जणांना तीन वर्षांनी पुन्हा गाठलं. 2004 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले: वयाच्या सातव्या वर्षापर्यंत 65 टक्के मुलांना कधी ना कधी असा काल्पनिक सोबती होता. (ज्या बाहुलीला किंवा अस्वलाला मूल स्वतःचा स्वभाव, स्वतःची मतं बहाल करतं, तेही यात धरलं आहे.) तीनातल्या जवळपास दोन मुलांमध्ये दिसणारी गोष्ट गंभीर मानसिक आजाराची खूण कशी असेल? आणि तेरा वर्षांच्या आत स्किझोफ्रेनिया होणं अतिशय दुर्मिळ असतं. मेसेज लिहिणाऱ्याने एवढा तरी हिशेब करायचा!

टेलर यांच्या कामातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. संशोधक गंभीर चेहऱ्याने त्या मित्राची माहिती लिहून घेत असताना अनेक मुलं मध्येच थांबून सांगत, की अहो, हे खोटं-खोटं आहे बरं का. म्हणजे मोठ्यांचा गोंधळ उडू नये याची काळजी पोरंच घेत होती. भ्रम झालेल्या माणसाला हे असं सांगता येत नाही. मूल टिंबूला बोलावतं, रुसवतं, कंटाळा आला की गावाला पाठवून देतं. लगाम त्याच्या हातात असतो. तो लगाम सुटलाय असं दिसलं, आवाज मुलाला घाबरवतायत, नको असताना येतायत, झोप-जेवण बिघडलंय, तर डॉक्टरांकडे जा. मेसेजला एवढंच म्हणायचं असतं तर माझी तक्रार नव्हती.

आता 90 टक्क्यांचं. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. पाच-सहा वर्षांपर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या 90 टक्क्यांच्या आसपास पोचतो. पण तो आकार झाला. नियोजन करणारा, आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. आणि आवर घालायला मूल शिकतं कुठे? 2017 च्या एका प्रयोगात चार आणि सहा वर्षांच्या मुलांना कंटाळवाणं काम दिलं, शेजारी मोहात पाडणारा गेमही ठेवला. बॅटमॅनसारखं एखादं पात्र बनून काम करणारी मुलं सर्वांत जास्त वेळ चिकटून राहिली. हा ‘वाया’ गेलेला वेळ! अर्थात उलट टोकाला जाऊन खेळाला जादूची कांडी करायचीही गरज नाही. मानसशास्त्रज्ञ एंजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये सगळे पुरावे चाळले, तेव्हा लुटुपुटूच्या खेळामुळेच बुद्धी किंवा कल्पकता वाढते असं छातीठोकपणे म्हणण्याइतका भक्कम आधार त्यांना सापडला नाही. खेळ हुशारीचं टॉनिक नसेलही. पण म्हणून तो काढून घ्यायचं कारण मिळत नाही.

बक्षिसांचा सल्ला तर नेमका उलटा आहे. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस की सर्टिफिकेट मिळेल. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर ही मुलं रंगीत पेनांना इतरांच्या निम्माच वेळ देत होती. गंमत म्हणजे न सांगता अचानक सर्टिफिकेट मिळालेल्यांचा उत्साह टिकून होता. म्हणजे कौतुक जरूर करा, आमिष दाखवू नका.

राहिला उजवा मेंदू, म्हणजे कल्पक माणसांचा म्हणे मेंदूचा उजवा भागच जास्त चालतो, हा समज. 2013 मध्ये युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारावर लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले. कुणी ‘उजव्या मेंदूचा’, कुणी ‘डाव्या मेंदूचा’ असं काही त्यांना दिसलं नाही. तेव्हा डोळे मिटून डाव्या हाताने आठचा आकडा गिरवणं वगैरे त्या मेसेजमधले व्यायाम हवे तर खुशाल करा. पोरांना मजा येईल, खेळच आहे तो.