हप्ता थकलेल्या सावकारासाठी

हप्त्याची तारीख उलटून बारा दिवस झाले म्हणून तोंड पाडून बसू नका. हप्ता थकला की माणूस थकबाकीदार ठरतो, हा जुन्या काळचा समज. तुम्ही पी-टू-पी ॲपवर, म्हणजे बँकेशिवाय माणसाने माणसाला कर्ज देण्याच्या ॲपवर, कर्ज घेतलंय आणि त्याच ॲपवर लोकांना कर्ज दिलंयही. तेव्हा तुम्ही नुसते ऋणको नाही, धनकोही आहात. आणि धनकोचा हप्ता कधी थकत नसतो, त्याचा पैसा गुंतलेला असतो.

हे वाक्य पाठ करून ठेवा. वसुलीचा फोन आला की कामी येतं.

या धंद्याची सुरुवातच मोठ्या शुभशकुनाने झाली. 2005 मध्ये ब्रिटनमध्ये अशी पहिली कंपनी निघाली, तिचं नाव झोपा. कर्ज घेतल्यावर काय करायचं, याचा इतका स्पष्ट सल्ला मराठी माणसाला दुसऱ्या कुठल्या कंपनीने दिला नसेल. पुढच्याच वर्षी अमेरिकेत प्रॉस्पर आली. कल्पना साधी होती : बँक नावाचा मधला माणूस काढून टाकायचा, ज्याच्याकडे पैसा आहे त्याने गरजवंताला थेट द्यायचा. मधला माणूस गेल्यावर दोघेच उरले. ते दोघे म्हणजे एकच माणूस असायला काय हरकत आहे, हे ज्यांना सुचलं ते तुम्ही.

तुमचा हिशेबही बिनतोड. 11 टक्क्यांनी घ्यायचं, 18 टक्क्यांनी द्यायचं, मधले 7 टक्के बसल्या जागी खिशात. समजा 10,000 उचलले आणि शंभर जणांना शंभर-शंभर वाटले. वर्षअखेर तुम्हाला फेडायचे आहेत 11,100. पाच जणांनी छदामही दिला नाही तरी उरलेल्या 95 जणांकडून 11,210 येतात. 110 सुटले. सहावा बुडाला की येतात 11,092, आणि वरचे आठ पदरचे. (वर्षाचं सरळ व्याज धरलंय. ॲपची फी धरली तर पाचवाच जड जाऊ शकतो, पण शुभ बोलावं.)

या सहाव्याचा विचार करून झोप उडवू नका. एवढंच लक्षात ठेवा की हा पैसा विनातारण आहे, आणि जो 18 टक्के कबूल करतो त्याला 11 टक्क्यांनी कोणी उभं केलेलं नसतं. तो वरचा 7 टक्क्यांचा आकडा ही त्याच्या बुडवण्याची किंमत आहे. ॲपवर मात्र ती ‘अपेक्षित परतावा’ या नावाने, हिरव्या अक्षरांत दिसते, म्हणून गोड लागते. दुसऱ्या कुणाच्या तरी यादीत तो सहावा तुम्हीच आहात, पण ती यादी तुम्हाला दिसत नाही. तेव्हा प्रश्नच मिटला.

आता रोजच्या वागण्याबद्दल. ॲपला दोन बाजू असतात. कर्जाच्या बाजूला ‘हप्ता बाकी’ असं लाल अक्षरांत आलं की बोटाने सरकवून टाका. गुंतवणुकीच्या बाजूला मात्र दिवसातून पाचदा जा. तिथे थकलेल्यांचे रकाने असतात : 16 ते 30 दिवस, 31 ते 60, 61 ते 90. माणसं एका रकान्यातून दुसऱ्यात घरंगळताना बघून तुमचं रक्त उसळलं पाहिजे. प्रॉस्परवर 120 दिवस उलटले की कर्ज बुडीत खात्यात जातं. तोवर तुम्ही रोज संतापू शकता, तेही फुकट.

भाषाही सांभाळा. तुमचा उशीर ही ‘तात्पुरती अडचण’, त्याचा उशीर ही ‘वृत्ती’. तुमची लेट फी ही लूट, त्याची लेट फी फारच कमी. ॲपला पत्र लिहा की असल्या लोकांना तुम्ही दारात उभं तरी कसं करता? मग दुसऱ्या पत्रात आपली लेट फी माफ करायची विनंती करा. फक्त दोन्ही पत्रं एकाच दिवशी पाठवू नका. मी पाठवली होती. दोन्हींना एकाच व्यक्तीने उत्तर दिलं, आणि दुसऱ्या उत्तरात माझ्याच पहिल्या पत्रातली दोन वाक्यं जशीच्या तशी होती.

मन खायला लागलंच, तर तुमचं कर्ज किती धनकोंमध्ये तुकडे करून वाटलंय ते आठवा. लेंडिंगक्लब या अमेरिकन कंपनीत 25 डॉलरपासून तुकडा घेता यायचा. तुम्ही बुडवलंत तरी एकेकाचं जाणार ते किती? चिल्लर. तुमचे शंभर तुकडे मात्र घामाचे आहेत. घाम ज्याचा होता तो दुसराच कुणी, पण तो विषय वेगळा.

त्यातूनही कोणी खोदून विचारलंच, तर खरं काय ते सांगून टाका : माझे पैसे आले नाहीत, म्हणून मी भरले नाहीत. ज्याच्याकडून यायचे होते तोही हेच सांगतो. त्याचे ज्याच्याकडे अडकलेत, तोही. शोधत गेलात तर हा दोर फिरून तुमच्याच दाराशी येईल. म्हणून शोधू नका.

आणि त्या मोठ्या कंपन्यांचं मनावर घेऊ नका. लेंडिंगक्लबने 2020 संपता संपता छोट्या धनकोंचं दुकान बंद केलं आणि पुढच्या वर्षी एक बँक विकत घेतली. झोपाने बँकेचा परवाना काढला आणि 2021 च्या डिसेंबरात पी-टू-पी गुंडाळत असल्याचं सांगितलं. मधला माणूस हाकलायला निघालेले शेवटी त्याच्याच खुर्चीत जाऊन बसले. त्यांना धीर नव्हता. तुम्हाला आहे.

आज सकाळीच एका कर्जदाराचा हप्ता जमा झालाय ना? मग तो आपल्या थकबाकीत भरायचा वेडेपणा करू नका. पैसा पडून राहता कामा नये. नव्या अर्जांची यादी उघडा. पहिलाच बघा : नोकरी पक्की, पगार बरा, कर्जाचं कारण ‘जुनी देणी फेडण्यासाठी’, दुसरीकडे एक हप्ता बारा दिवस मागे. शिवाय स्वतः थोडीफार गुंतवणूक करतो म्हणे.

छे, हा माणूस भरवशाचा वाटत नाही. पुढचा बघा.