नित्याचं अ‍ॅप आणि काकांचे प्लेटलेट

रविवारी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भांडण पेटलं ते चहावरून. पोऱ्या कटिंग घेऊन आला आणि नित्या म्हणाला मला बिनसाखरेचा. पंचवीस वर्षं ओळखतो आम्ही ह्याला, ग्लासाच्या तळाशी उरलेली साखर बोटाने चाटणारा माणूस हा, त्यामुळे मंग्याने लगेच विचारलं, काय रे, शुगर निघाली का?

शुगर नाही, लिव्हर. ऑफिसच्या चेकअपमध्ये सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर आणि एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढतं ते एन्झाइम) 64. आणि साहेबांनी काय केलं तर एका अ‍ॅपचा तीन महिन्यांचा प्रोग्राम घेतला, पंधरा हजार रुपये. हे ऐकल्यावर मंग्या कट्ट्यावरून उठून उभाच राहिला. "पंधरा हजार? अरे तेवढ्यात मी तुला वर्षभर रोज सकाळी फोन करून शिव्या घातल्या असत्या!"

तर प्रोग्राम असा. जेवायच्या आधी ताटाचा फोटो टाकायचा, पावलं फोन मोजतो, घरी ब्लूटूथचा वजनकाटा येतो तो परस्पर आकडा पाठवतो (म्हणजे खोटं बोलायची सोय नाही), दंडावर चौदा दिवस शुगरचा सेन्सर, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक कोच, पंचविशीतली मुलगी, ती ह्या शेहेचाळीस वर्षांच्या घोड्याला रोज रात्री नऊला "हाय चॅम्प" म्हणते. नऊला हा कुठे असतो? विरार लोकलमध्ये अंधेरीच्या पुढे कुठेतरी, एका पायावर उभा. घरी पोचून जेवण साडेदहाला. तिने सांगितलं डिनर साडेसातच्या आत. मग पाच आठवड्यांत दोघांनी मिळून काढलेला तोडगा म्हणजे ऑफिसमधून निघतानाच डब्यातली उसळ-पोळी खायची आणि घरी गेल्यावर फक्त ताक. हे मला बरं वाटलं, खरं सांगतो, कारण हे कुठल्या डाएट चार्टमध्ये लिहिलेलं नसतं, हे कोणीतरी विचारत बसलं तरच निघतं. बाकी अ‍ॅपची अक्कल म्हणाल तर थालीपिठाचा फोटो टाकला तर त्याने पिझ्झा बेस म्हणून नोंद केली आणि पिठल्याला मँगो पल्प.

मंग्याचं म्हणणं एवढंच की फॅटी लिव्हर म्हणजे चरबी, तूप-तेल बंद केलं की विषय संपला, त्याला अ‍ॅप कशाला. इथे शिल्पा तापली. शिल्पा आमच्या शाळेतली, माहीमला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, वीस वर्षं लोकांची लिव्हरं कागदावर बघतेय. ती म्हणाली, तेल कमी कर ठीक आहे, पण लिव्हर स्वतःच चरबी बनवतं, साखरेपासून, मैद्यापासून, आणि साखरेतला फ्रुक्टोजचा भाग तर बराचसा तिथेच जाऊन निस्तरला जातो, आणि पोटाभोवती साठलेली चरबी सुटून रक्तातून परत लिव्हरमध्येच येते. तू वडा टाकून नुसता पाव खाल्लास आणि वर दोन गोड चहा मारलेस तर लिव्हर काय तुला मेडल देणारे का? नित्याचे दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे, बारा चमचे साखर म्हणजे पन्नास ग्रॅमच्या घरात. नुसत्या चहातून! काळी कॉफी पी म्हणे, कॉफी पिणाऱ्यांची लिव्हरं चट्टे पडून कडक व्हायचं प्रमाण कमी दिसलंय, पण बिनसाखरेची, मॉलमधली क्रीमवाली नव्हे.

सुऱ्या आपला "मी तर दारू पितो तरी मला नाही, हा पीत नाही आणि ह्याला कसं" ह्यावर अडकला. त्याला मी सांगितलं की त्याच गोंधळामुळे 2023 मध्ये डॉक्टरांनी आजाराचं नावच बदललं, आधी नावात "नॉन-अल्कोहोलिक" होतं, ते काढून आता मेटाबॉलिक घातलंय, कारण मूळ भानगड वजन, शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल ह्या टोळक्याची आहे. आणि तुला नाही हे तुला कसं माहीत, तू शेवटची सोनोग्राफी कधी केलीस? तर गप्प.

मग वजनाचा हिशोब निघाला, आणि मला वाटतं भांडणाचा खरा मुद्दा इथे होता. फॅटी लिव्हरला आजही पहिलं औषध म्हणजे वजन उतरवणं. तीन ते पाच टक्के उतरलं की लिव्हरमधली चरबी कमी व्हायला लागते, सात ते दहा टक्क्यांत आतली सूज बसते, दहाच्या वर गेलं तर पडलेले चट्टेसुद्धा भरू शकतात. नित्या 84 किलो होता. सात टक्के म्हणजे सहा किलो. सहा! आपण काय भयंकर समजतो आणि प्रकरण सहा किलोचं. पाच आठवड्यांत तो 81.4 वर आलाय म्हणजे पहिला टप्पा झाला पण. अमेरिकेत मार्च 2024 मध्ये पहिली गोळी मंजूर झाली, रेस्मेटिरॉम नावाची, पण ती चट्टे पडलेल्यांसाठी आणि तीसुद्धा डाएट-व्यायाम चालू ठेवूनच घ्यायची. म्हणजे फिरून भोपळे चौकात.

मंग्या म्हणाला मग हे पंधरा हजार कशाचे, कमी खा हे माझी आजी फुकट सांगायची. मी म्हटलं बरोबर, आणि तू किती वेळा ऐकलंस तिचं? सिंगापूरला 108 फॅटी लिव्हरवाल्यांवर एक अभ्यास झाला होता, अर्ध्यांना नेहमीसारखा सल्ला, अर्ध्यांना अ‍ॅप आणि त्यावर बोलणारी आहारतज्ज्ञ, सहा महिन्यांनी पाच टक्के वजन उतरवणारे अ‍ॅपवाल्यांत साधारण पाचपट निघाले. सल्ला दोन्हीकडे साधारण तोच. मोठा फरक कोणीतरी विचारत राहण्याचा. मी स्वतः एक फुकटवालं अ‍ॅप नऊ दिवस वापरून सोडलं कारण मला विचारणारं कोणी नव्हतं, नुसती घंटी वाजायची, घंटीला काय, गप्प करता येते. त्यामुळे नित्याचे पैसे कुठे गेले म्हणाल तर त्या "हाय चॅम्प"मध्ये. तो दंडावरचा सेन्सर मात्र मला शुद्ध भपका वाटतो, तो शुगर दाखवतो, लिव्हर नाही. सुऱ्याला आयडिया आली की मग पंधरा दिवस कोबीचं सूप पिऊन एकदम सहा किलो उडवू, शिल्पाने तिथेच थांबवलं, एवढं झपाट्याने उतरवलं तर पित्ताशयात खडे होतात आणि लिव्हर उलट बिघडू शकतं, आठवड्याला अर्धा ते एक किलो बास.

इतका वेळ दळवी काका शेजारी बसून ऐकत होते. त्रेसष्ट वय, 58 किलो, काडीपैलवान, बारा वर्षं डायबेटिस पण रोज पार्काला तीन फेऱ्या. ते म्हणाले, "मलाही लिहिलंय बरं का ते फॅटी लिव्हर, ग्रेड वन. डॉक्टर म्हणाले आजकाल सगळ्यांनाच असतं. मी गुळवेलीचा काढा चालू केलाय, लिव्हर साफ होतं म्हणतात."

शिल्पाचा चेहराच बदलला. "काका, तो आधी बंद करा. कोविडच्या वेळी आपल्या मुंबईतल्याच डॉक्टरांनी सहा पेशंटची नोंद छापली होती 2021 मध्ये, गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले." आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली होती हेही तिनेच सांगितलं, पण म्हणाली वाद त्यांचा त्यांना घालू दे, लिव्हर तुमचं आहे. "रिपोर्ट आहे का फोनमध्ये?"

होता, मुलाने पाठवलेली पीडीएफ. मग तिने एक गणित घातलं ते मी इथे मुद्दाम लिहितोय. वय गुणिले एसजीओटी (हेही एसजीपीटीसारखंच एन्झाइम), त्याला भागायचं प्लेटलेट (हजारात) आणि एसजीपीटीचं वर्गमूळ ह्यांच्या गुणाकाराने. फिब-फोर म्हणतात त्याला. 1.3 च्या खाली आलं तर लिव्हर फारसं कडक झालेलं नसावं, 2.67 च्या वर म्हणजे काळजीचं, मधलं असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक आहे ते मोजणारी तपासणी, करून घ्यायचा. ग्रेड वन, टू हे चरबी किती ते सांगतं, चट्टे पडलेत का ते सांगत नाही, आणि खरा धोका चट्ट्यांचा.

आधी नित्याचं काढलं. 46, एसजीओटी 38, एसजीपीटी 64, प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार. उत्तर 0.91. नित्या खूश, पोट घेऊन खूश.

काकांचं, 63, एसजीओटी 44, एसजीपीटी 49, प्लेटलेट एक लाख साठ हजार. 2.48.

मंग्याने पुन्हा करून बघितलं. तेच आलं. शिल्पा म्हणाली घाबरायचं काही नाही, हा नुसता चाळणीचा आकडा आहे, कधीकधी चुकतो, पण डायबेटिस आहे तुम्हाला आणि बारीक माणसालाही हे होतं, तर ह्या आठवड्यात लिव्हरच्या डॉक्टरला दाखवायचं. काका म्हणाले, "मग नित्याच्या अ‍ॅपमध्ये मलाही घाला की."

नित्याने तिथल्या तिथे फॉर्म उघडला. उंची विचारली, वजन विचारलं, गोड आवडतं की तिखट ते विचारलं, डायबेटिसवर टिक करायला लावली, रिपोर्ट मात्र कुठेच मागितला नाही. शेवटी हिरवी पट्टी आली, अभिनंदन, तुमचं वजन आदर्श आहे. आणि खाली मसल वाढवायचा प्लॅन, बारा हजारात.

मंग्याला हसू येत होतं पण तो हसला नाही. शिल्पाने फोन लावून बुधवारची सकाळची वेळ घेतली, मी सोबत जाणारे. काका उठता उठता थांबले आणि शिल्पाला म्हणाले, "काढ्याची मोठी बाटली कालच आणलीय गं, चारशे वीस रुपयांची. सील फोडलेलं नाही. घेतील का परत?"